कुत्र्याचें उनाड वय

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच, अशी म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हट्टी माणसाला उद्देशून ती वापरतात. पण म्हण रचणारानें दोष मात्र कुत्र्याच्या माथीं मारला. शेपटाचें वाकडेपण हें त्याच्या शरीराचें मूळचें वळण. तें सरळ करण्याची उठाठेव तुम्हांला कोणी सांगितली होती, असा प्रश्न त्या मुक्या जनावराला बोलतां आलें असतें तर त्यानें खचित विचारला असता. श्रोतेहो, कुत्र्याचें पिल्लूं वाढवितांना जें वळण खरोखर बदलावें लागतें तें बहुधा वाढविणाराचें असतें, पिल्लाचें नव्हे. ही गोष्ट एका घराला कशी उमगली, तें आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

एका तालुक्याच्या गांवीं पोस्टांत नोकरी करणारे एक गृहस्थ राहतात. घरांत वृद्ध आई, पत्नी, मुलगा व धाकटी मुलगी. तीन वर्षांपूर्वीं, पावसाळ्याच्या तोंडीं, मुलांनीं बाजारपेठेंतल्या एका वखारीच्या मागें सांपडलेलें तांबूस रंगाचें गांवठी पिल्लूं घरीं आणलें. त्याची आई मोटारीखालीं सांपडून मेली होती. पिल्लूं अवघें दोन महिन्यांचें. गृहस्थांनीं प्रथम नाहीं म्हटलें. आजींनीं सोंवळ्याचा प्रश्न काढला. तेवढ्यांत मुलीनें त्याचें नांव ‘खंड्या’ ठेवलें. आणि एकदां नांव ठेवलेल्या जनावराला दाराबाहेर काढणें कोणत्याहि घराला जमत नाहीं.

पहिले तीन-चार महिने कौतुकांत गेले. या वयाचें पिल्लूं दिवसाच्या २४ तासांपैकीं १६ ते १८ तास झोपेंत घालवितें. उरलेल्या वेळांत खातें, खेळतें व माणसांच्या पायांत पायांत करतें. हांक मारली कीं खंड्या धांवत येई, ‘बस’ म्हटलें कीं बसे. गृहस्थ आल्यागेल्याला हा चमत्कार दाखवीत आणि ‘शिस्त लहानपणींच लावावी लागते’ असें बजावून सांगत. पिल्लूं दूर जात नाहीं याचें कारण दूर जाण्याचें धैर्यच त्याला अजून आलेलें नसतें, हें त्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें. दुर्बळाच्या आज्ञाधारकपणाला आपण शिस्त म्हणतों, ही चूक कांहीं कुत्र्यांच्याच बाबतींत होते असें नाहीं.

अमेरिकेंतील मेन राज्यांत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनीं पिल्लांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला व आपला ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला ज्यांचा सहवास लाभतो, त्यांना तें आपलें मानूं लागतें, असें त्यांना आढळून आलें. खंड्या या घरीं आला तो याच काळांत. म्हणजे खंड्या त्या घराचा होऊन चुकला होता. घर खंड्याचें झालें आहे कीं नाहीं, याची परीक्षा अजून व्हावयाची होती.

सातवा महिना लागला आणि खंड्याला शिंगें फुटलीं. पिल्लाच्या तोंडांत प्रथम दुधाचे २८ दांत असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात व सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागीं ४२ पक्के दांत येतात. याच वेळीं शरीरांत तारुण्याचे बदल सुरू होतात. पाय लांबतात, अंगांत बळ येतें, दूरदूरचे वास नाकाला खुणावूं लागतात. डोकें मात्र अजून पोरकटच असतें. घराच्या वाट्याला याचा अर्थ असा आला, कीं गृहस्थांची कातडी चप्पल गेली. आजींच्या जपाच्या गोमुखीचा एक कोपरा गेला. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा एका दुपारीं फडशा पडला. फाटक उघडें दिसलें कीं खंड्या रस्त्यावर. आणि मागून हांका मारणाऱ्या धन्याकडे एकवार वळून पाहून, जणूं ओळखदेखच नाहीं अशा थाटांत तो पुढें चालूं लागे. सर्वांत झोंबणारी गोष्ट अशी, कीं सकाळीं दूध घालावयाला येणाऱ्या माणसानें ‘बस’ म्हटलें कीं हाच खंड्या निमूटपणें बसे. नांव ठेवून घरांत घेतलेल्या खंड्याला आतां सगळे नांवें ठेवूं लागले.

एके संध्याकाळीं साऱ्या आळीदेखत अर्धा तास पाठलाग करून गृहस्थ थकले, तेव्हां खंड्या आपण होऊन त्यांच्याजवळ आला. त्यांनीं पायांतली चप्पल काढली व त्याला चांगलाच बडविला. तो जमिनीला चिकटून राहिला, ओरडला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ‘ये’ हा शब्द कानीं पडतांच तो येण्याऐवजीं पलंगाखालीं जाऊं लागला. ‘पाहा, किती कावेबाज झाला आहे! आपण काय केलें तें त्याला पक्कें ठाऊक असतें,’ असें गृहस्थ म्हणाले. महिन्याभरांत निर्णयहि झाला. पलीकडच्या तालुक्याला माल नेणाऱ्या एका टेंपोवाल्याशीं बोलणें ठरलें. घाट उतरल्यावर एखाद्या खाणावळीपाशीं खंड्याला सोडून द्यावयाचें, म्हणजे उष्ट्याखरकट्यावर तो जगेल.

नववींत शिकणारा मुलगा यावर कांहीं बोलला नाहीं. त्या वर्षीं तो घरांत एकूणच कमी बोलत असे. वडिलांनीं विचारलेल्या प्रश्नाला ‘हूं’ यापलीकडे उत्तर मिळणें दुर्मिळ झालें होतें. त्या रात्रीं ताटावरून उठतांना मात्र त्यानें एवढेंच विचारलें : ‘ऐकत नाहीं त्याला सोडून द्यायचें असतें का, बाबा?’ या प्रश्नाला कोणींच उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें पत्नीनें सुचविलें, कीं टेंपो यावयाच्या आधीं एकदां दवाखान्यांत तरी दाखवून आणावें.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टरबाईंनीं तक्रारींचा पाढा शांतपणें ऐकून घेतला व वय विचारलें. आठ महिने, असें कळतांच त्या म्हणाल्या, ‘मग याला कांहींएक झालेलें नाहीं. हा आठ महिन्यांचा आहे, एवढेंच.’ नंतर त्यांनीं दुसरा प्रश्न केला : ‘तुम्ही ये म्हणतां आणि हा येतो, त्यानंतर पुढें काय होतें?’ गृहस्थ विचारांत पडले. येतो तेव्हां त्याला सांखळी बांधली जाते. येतो तेव्हां अंघोळ घातली जाते. आणि आला तेव्हां एकदां चप्पल बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘असें असतां तो पुन्हां कशाला येईल? तुम्हीसुद्धां आलां नसतां.’ टेंपोची गोष्ट निघाली तेव्हां मात्र त्यांचा स्वर बदलला. जनावराची उपासमार होईल अशा स्थितींत त्याला टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविलेला आहे, हें त्यांनीं स्पष्ट शब्दांत सांगितलें.

डॉक्टरबाईंच्या बोलण्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. ज्यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीं कुत्र्यांवरच दाखवून दिलें, कीं अन्नाच्या आधीं नेहमीं ठराविक आवाज ऐकविला तर पुढें नुसत्या त्या आवाजानेंच तोंडाला लाळ सुटते. अन्नाच्या जागीं चप्पल ठेवली कीं त्याच नियमानें आवाजासरशीं पलंग गांठला जातो. यांत कावा नाहीं. जनावराला अर्ध्या तासापूर्वींचा अपराध व आतांची शिक्षा यांची सांगड घालतां येत नाहीं. शेवटच्या क्षणीं आपण काय करीत होतों, एवढेंच त्याच्या मनावर ठसतें. आणि शेवटच्या क्षणीं खंड्यानें काय केलें होतें? तो परत आला होता. म्हणजे मार बसला तो पळण्याबद्दल नव्हे, परत येण्याबद्दल!

कुत्र्याच्या चेहऱ्यावर दिसणारा अपराधी भाव हीहि अशीच फसवी गोष्ट आहे. अमेरिकेंतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनीं २००९ सालीं याविषयीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यानें मना केलेला खाऊ खाल्ला असो वा नसो, धनी रागावला कीं ती खाली मान, ते चोरटे डोळे दिसत. ती मुद्रा अपराधाची नव्हती. समोरच्या रागाची ती पडछाया होती. आपल्या महाभारताच्या आदिपर्वांत तर हा न्याय फार पूर्वींच मांडलेला आहे. जनमेजयाच्या यज्ञांत सरमा नांवाच्या देवशुनीचें पिल्लूं शिरलें, तेव्हां राजाच्या भावांनीं त्याला मारलें. हविर्भागाकडे पाहिलेंहि नाहीं व त्याला जीभहि लावली नाहीं, असें त्यानें रडत रडत आईला सांगितलें. सरमेनें भर यज्ञांत येऊन, निरपराध लेकराला कां मारलें, असें विचारलें. तेथें कोणापाशींहि उत्तर नव्हतें. एवढ्या थोर राजकुळाची कथा एका मारलेल्या पिल्लाच्या कैफियतीपासून सुरू व्हावी, यांत ग्रंथकर्त्याचा कांहीं हेतु असलाच पाहिजे.

दूधवाल्याचें कोडेंहि आतां उकलण्यासारखें आहे. ब्रिटनमधील लूसी ॲशर व त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांना वाट दाखविण्याच्या कामासाठीं वाढविल्या जाणाऱ्या पिल्लांची त्यांनीं पांचव्या व आठव्या महिन्यांत पाहणी केली. आठव्या महिन्यांत हीं पिल्लें आपल्या पालनकर्त्याची ‘बस’ ही आज्ञा पूर्वींपेक्षां अधिक वेळां धुडकावीत. पण परक्यानें तीच आज्ञा केली तर पूर्वींपेक्षां बरें ऐकत. ज्या पिल्लांच्या मनांत पालनकर्त्याविषयीं असुरक्षितता होती, त्यांच्या ठिकाणीं ही अवज्ञा विशेष दिसून आली. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाराव्या महिन्याच्या सुमारास पिल्लें पुन्हां वळणावर येत असल्याचें पालनकर्त्यांनींच नोंदविलें. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशींच या वयांत झगडा होतो. परक्याशीं झगडण्याचें कारणच काय? शेजाऱ्याच्या घरीं अदबीनें बोलणारा मुलगा आपल्या घरीं तुसडेपणानें कां वागतो, याचें कोडें ज्या आईबापांना पडतें त्यांनीं या उत्तराचा जरूर विचार करावा.

डॉक्टरबाईंनीं औषध दिलें नाहीं. चार नियम सांगितले. पहिला असा, कीं ‘ये’ हा शब्द शिक्षेसाठीं, अंघोळीसाठीं वा सांखळीसाठीं कधींहि उच्चारूं नये; तो ऐकून कुत्रा आला तर त्याच्या वाट्याला चांगलेंच आलें पाहिजे, मग तो भाकरीचा तुकडा असो वा पाठीवरचा हात. दुसरा नियम, एका गोष्टीला साऱ्या घरानें एकच शब्द वापरावा. त्या घरांत गृहस्थ ‘ये’ म्हणत, आजी ‘यू यू’ करीत, मुलगी ‘चल चल’ म्हणे व मुलगा नुसती शीळ घाली; चार पंतोजींनीं चार पुस्तकें काढल्यावर विद्यार्थ्यानें शिकावें काय? तिसरा नियम, धडा पांच मिनिटांहून लांबवूं नये, पण दिवसांतून तीन-चार वेळां द्यावा. आणि सकाळ-संध्याकाळ दोरीनें बांधून लांबवर फिरवून आणावें. चौथा नियम सर्वांत सोपा : चावण्यासाठीं जाड सुती दोराची गांठ द्यावी, शिजवलेलें हाड देऊं नये, कारण त्याचे टोंकदार तुकडे घशांत अडकतात, आणि चपला फडताळांत ठेवाव्यात. चपलेचा मोह टाळण्यास आठ महिन्यांच्या जनावराला शिकविण्यापेक्षां चप्पल उचलून ठेवण्यास शिकलेल्या माणसाला शिकविणें अधिक सोपें, असें त्या हसून म्हणाल्या. प्रत्यक्षांत तें अधिक अवघड ठरलें.

टेंपो आला तसा रिकामा गेला. पहिले पंधरा दिवस कांहींच फरक दिसला नाहीं. गृहस्थ रोज संध्याकाळीं भाकरीचा तुकडा घेऊन अंगणांत उकिडवे बसत; खंड्या तीन हातांवर येऊन थांबे आणि त्यांच्या पायांकडे पाही. तो पायांकडेच कां पाहतो, हें कळायला त्यांना दोन दिवस लागले. तेव्हांपासून ते अनवाणी बसूं लागले. एक चप्पल मारावयाला क्षणभर पुरला होता. ती पुसून टाकावयाला सव्वा महिना लागला. एके संध्याकाळीं खंड्या शेवटचे तीन हात चालून आला, भाकरी घेतली, आणि भाकरी संपल्यावरहि तेथेंच बसून राहिला.

याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट दिसावयाला लहान आहे. गृहस्थांनीं ओसरीवरून मुलाला ‘जरा इकडे ये रे’ अशी हांक मारली. आंतल्या खोलींतला वावर एकदम थांबला. उत्तर आलें नाहीं. त्या क्षणीं त्यांना डॉक्टरबाईंचा प्रश्न आठवला. तुम्ही ये म्हणतां आणि हा येतो, त्यानंतर पुढें काय होतें? त्यानंतर गणिताचे गुण निघत, केसांची ठेवण निघे, हातांतला मोबाईल निघे, मित्रांचा उद्धार होई. गेल्या वर्षभरांत त्या हांकेनंतर एखादी बरी गोष्ट घडल्याचें त्यांना आठवेना. मुलगा बऱ्याच वेळानें येऊन दाराच्या चौकटींत उभा राहिला, तीन हातांवर. गृहस्थ जें बोलणार होते तें त्यांनीं गिळलें. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांचें ताट त्यांनीं पुढें सरकविलें आणि म्हटलें, ‘गरम आहेत.’ मुलगा बसला. दोघांनीं शेंगा खाल्ल्या. बोलणें त्या दिवशीं झालें नाहीं. तें पुढें हळूहळू सुरू झालें.

पांच वर्षें लाड, त्यापुढें दहा वर्षें धाक व सोळावें लागतांच मित्रत्व, असा क्रम जुन्या सुभाषितकारानें मुलांच्या बाबतींत घालून दिला आहे. त्यांतील मधला भाग पुष्कळांच्या लक्षांत राहतो, शेवटचा थोड्यांच्या. कुत्र्याच्या पिल्लाला सोळा वर्षें लागत नाहींत; सोळा महिन्यांतच तें सारा प्रवास उरकतें. त्यामुळें जी चूक मुलाच्या बाबतींत वर्षानुवर्षें दिसत नाहीं, ती येथें आठवड्यांत दिसते व सुधारतांहि येते.

याच वयाचें ओझें आपखुशीनें उचलणारीं माणसेंहि जगांत आहेत. अंधांसाठीं वाटाडे कुत्रे तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था अमेरिकेंत १९२९ सालीं निघाली. तेथें व ब्रिटनमध्यें अशा पिल्लांना दोन महिन्यांच्या सुमारास स्वयंसेवक कुटुंबांकडे सोंपवितात. तीं कुटुंबें त्यांचें सारें उनाड वय सोसतात. आणि वर्ष-सव्वा वर्षानें, कुत्रा शहाणा होऊं लागला कीं, तो पुढील शिक्षणासाठीं परत करतात. त्रास त्यांच्या वाट्याला, चांगलें वळण दुसऱ्या कोणाच्या सोबतीला. मुलांना वाढवून जगाच्या स्वाधीन करणाऱ्या प्रत्येक आईबापाचें काम याहून निराळें तें काय?

येथें दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावयास हवी. हें वय आपोआप सरेल असें म्हणून स्वस्थ बसणें बरोबर नाहीं. कुत्रा खरोखर चावूं लागला तर पशुवैद्याचा सल्ला ताबडतोब घ्यावा. तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस टोंचून घ्यावी व ती वेळच्या वेळीं पुन्हां देत जावी, कारण त्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. निर्बीजीकरणाविषयींहि याच वयांत पशुवैद्याशीं बोलून ठेवावें. दुसरें असें, कीं मूल म्हणजे कांहीं कुत्रा नव्हे. मुलाला कारण सांगतां येतें, त्याची बाजू ऐकून घेतां येते, चुकल्यास त्याची क्षमाहि मागतां येते. जें मुक्या जनावराच्या बाबतींत भाकरीच्या तुकड्यानें साधावें लागतें, तें माणसाच्या बाबतींत शब्दांनीं साधतें. मात्र ते शब्द आधीं विटलेले नसावेत.

खंड्या आतां तीन वर्षांचा झाला आहे. फाटक उघडें असलें तरी ‘बस’ म्हटलें कीं उंबऱ्याशीं बसतो, आणि हांक मारली कीं थेट पायांपाशीं येतो. शेपूट त्याचें अजून वाकडेंच आहे. चपलांना तो आतां शिवतहि नाहीं. पण घरांतलीं माणसें त्या अजून फडताळांतच ठेवतात. संवय लागून गेली आहे.